प्रयोगात कोण आणि लाभात कोण?

औषधाला जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. रक्त सर्वांचे तांबडे, हृदय सर्वांचे छातीत डावीकडे. तेव्हा जी गोळी सवर्णाला लागू पडते ती दलितालाही लागू पडणारच, असा हा युक्तिवाद. शरीरापुरता तो बरोबर आहे. पण औषध शरीरात जाण्यापूर्वी एका लांबच्या वाटेने आलेले असते. ते कोणावर तपासले गेले, कशाशी ताडून पाहिले गेले, तपासताना त्या माणसांना काय सांगितले गेले, आणि गुण येतो हे सिद्ध झाल्यावर ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचले, हे चार प्रश्न शरीरशास्त्राचे नाहीत. ते समाजव्यवस्थेचे आहेत, आणि म्हणूनच ते आपले आहेत.

प्रस्तुत लेखात हे चार प्रश्न दोन रोगांवरील संशोधनाला विचारायचे आहेत. एक हृदयविकार आणि दुसरा स्तनाचा कर्करोग. हृदयविकार हा बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग, ही समजूत कधीच खोटी ठरली आहे; आज भारतात होणाऱ्या मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. या दोन्ही रोगांवर गेल्या पन्नास वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांचा इतिहास कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. त्यात आपल्या विचाराला बळ देणारे पुष्कळ आहे, आणि आपल्याला सावध करणारेही तितकेच आहे.

शब्दप्रामाण्याला शह

प्रथम प्रयोग म्हणजे काय ते पाहू. एखाद्या डॉक्टरने औषध दिले आणि रोगी बरा झाला, एवढ्याने औषधाचा गुण सिद्ध होत नाही. रोगी आपोआपही बरा झाला असेल. म्हणून एकाच प्रकारचे शेकडो रोगी घ्यायचे, जणू चिठ्ठी टाकून त्यांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपचार आणि दुसऱ्याला जुना उपचार किंवा औषध नसलेली नुसती गोळी द्यायची, आणि काही वर्षांनी दोन्ही गटांत किती जगले, किती दगावले ते मोजायचे. चिठ्ठी टाकण्याला येथे फार महत्त्व आहे. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवले, तर तो नकळत धडधाकट माणसे आपल्या आवडत्या उपचाराकडे पाठवील. चिठ्ठी मात्र कोणाचे तोंड पाहत नाही.

या साध्या युक्तीने केवढी मोठी सत्ता हलवली, ते स्तनाच्या कर्करोगात दिसते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे शल्यविशारद होते. १८९४ साली त्यांनी आपल्या पन्नास रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. स्तनाबरोबर त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही कापून काढायच्या, अशी त्यांची शस्त्रक्रिया होती. कर्करोग एका ठिकाणाहून क्रमाक्रमाने पसरतो, तेव्हा जितके जास्त कापावे तितके बरे, हे तिच्यामागचे गृहीतक. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे ही शस्त्रक्रिया वेदवाक्याप्रमाणे चालली. बाई शुद्धीवर येई तेव्हा तिची छाती बरगड्यांपर्यंत सपाट झालेली असे, हात सुजे, खांदा आखडे. कित्येकदा गाठीचा तुकडा तपासणे आणि स्तन काढणे एकाच भुलीत उरकले जाई. झोपताना तिला आपले काय होणार हे ठाऊकही नसे. गुरूंनी सांगितले, शिष्यांनी केले, शिष्यांच्या शिष्यांनी शिकवले. ज्या समाजाला शब्दप्रामाण्य म्हणजे काय हे पिढ्यान्पिढ्या सोसून कळले आहे, त्याला ही परंपरा वेगळी समजावून सांगायला नको.

तिला आव्हान दिले ते पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ साली त्यांच्या गटाने १,६६५ स्त्रियांवर प्रयोग सुरू केला. हॉल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया आणि स्नायू न कापता केवळ स्तन काढण्याची शस्त्रक्रिया यांची त्यात तुलना होती. पंचवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: जगण्यात काहीही फरक नाही. १९७६ साली त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की लहान गाठ असेल तर स्तन तरी का काढावा? इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर असाच प्रयोग चालवला होता. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकत्रच आले: गाठ काढून किरणोपचार दिले, तर स्तन काढलेल्या स्त्रीइतकीच ती जगते. अमेरिकी प्रयोगात किरण न दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग परतला. किरण दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणजे किरणोपचार हा या उपचाराचा अविभाज्य भाग. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

हा विजय केवळ शास्त्रज्ञांचा नव्हता. रोझ कुश्नर या पत्रकार बाईंना १९७४ साली स्वतःला हा रोग असल्याचे कळले, तेव्हा एकाच भुलीत सर्व उरकण्यास त्यांनी नकार दिला आणि त्याविरुद्ध मोहीम उभारली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगळ्या असाव्यात असे मान्य केले. प्रयोग आणि चळवळ यांनी मिळून ऐंशी वर्षांची रूढी मोडली. प्रयोगातही लबाडी होते, हेही येथेच दिसले. फिशर यांच्या प्रयोगात सहभागी असलेल्या माँट्रियलमधील एका डॉक्टरने नोंदी खोट्या केल्याचे १९९४ साली जगजाहीर झाले. पण ते रुग्ण वगळून हिशेब पुन्हा मांडला गेला आणि निष्कर्ष टिकला. आपली चूक शोधून हिशेब पुन्हा मांडण्याची सोय ज्या पद्धतीत आहे, तिच्याशी आपले वैर असण्याचे कारण नाही.

श्रीमंतीलाच औषध समजले

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात हृदयविकार आणि स्तनाचा कर्करोग एकाच गोळीत भेटतात.

पाळी जाण्यापूर्वी स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, नंतर वाढतो. तेव्हा पाळी गेल्यावर बाहेरून स्त्री-हार्मोन दिले तर हृदयाचे रक्षण होईल, असा तर्क निघाला. तर्काला पुरावाही मिळाला. हजारो स्त्रियांची पाहणी केली असता, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. मग अमेरिकेत लक्षावधी स्त्रियांना या गोळ्या दिल्या गेल्या, आणि कित्येकींना केवळ हृदयविकार टळावा म्हणून दिल्या गेल्या.

१९९१ साली सरकारी खर्चाने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा प्रचंड उपक्रम सुरू झाला. त्यातील एका प्रयोगात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्यांनी विभागून निम्म्यांना दोन हार्मोनची गोळी आणि निम्म्यांना नुसती गोळी देण्यात आली. सरासरी साडेआठ वर्षे चालायचा हा प्रयोग सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ घटना, पक्षाघाताच्या ८, फुफ्फुसात रक्ताची गुठळी जाण्याच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना अधिक घडत होत्या. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचे हाड मोडणे काहीसे कमी झाले, पण तोट्याचे पारडे जड होते. जी गोळी हृदयासाठी द्यायची, तीच हृदयाला आणि स्तनाला बाधक ठरली. पुढील विश्लेषणांत असे दिसले, की पाळी गेल्यावर लवकर सुरुवात केली तर धोका कमी असतो. अंगाची लाही होण्यासारख्या त्रासावर हे औषध आजही दिले जाते. मात्र हृदयविकार टाळण्याचे औषध ही त्याची ओळख पुसली गेली.

मग आधीच्या पाहण्या का फसल्या? याचे एक मोठे कारण आपण नीट समजून घेतले पाहिजे. हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? बहुधा शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या, नियमाने डॉक्टरकडे जाणाऱ्या. त्यांचे हृदय सुस्थितीत होते ते या सुस्थितीमुळे. यश मात्र गोळीच्या नावावर जमा झाले. एका वर्गाच्या भौतिक सुखसोयीलाच तज्ज्ञांनी औषधाचा गुण समजून घेतले.

ही चूक फक्त वैद्यकात होत नाही. सवर्ण घरातल्या मुलाच्या गुणांना आपण 'बुद्धी' म्हणतो, आणि त्यामागचे घर, पुस्तके, स्वस्थता हिशेबात धरत नाही. गुणवत्तेच्या नावाखाली चालणारा युक्तिवाद आणि हार्मोनच्या गोळीचा युक्तिवाद यांची घडण एकच आहे. वर्गात हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

वगळलेले आणि वापरलेले

आता पहिला प्रश्न: प्रयोगात कोण होते? ॲस्पिरिनने पहिला हृदयविकाराचा झटका टळतो काय, हे पाहणारा अमेरिकेतील प्रसिद्ध प्रयोग २२,०७१ डॉक्टरांवर झाला. सगळे पुरुष. झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले, असे १९८९ च्या अंतिम अहवालात आले. तोच सल्ला मग स्त्रियांनाही लागू करण्यात आला. ३९,८७६ स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष येण्यास २००५ साल उजाडले: पक्षाघात काहीसा कमी झाला, पण हृदयविकाराचा पहिला झटका कमी झाला नाही. पुढे २०१८ मध्ये आणखी काही मोठे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर, निरोगी माणसाने सरसकट ॲस्पिरिन घ्यावी हा सल्लाच मागे पडला. (ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे त्यांची गोष्ट निराळी, त्यांनी आपले औषध परभारे बंद करू नये.)

काही माणसे प्रयोगातून वगळली जातात, तर काही नको तशी वापरली जातात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांचा 'अभ्यास' चालवला. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा सर्वमान्य उपचार झाला, तरी ते त्यांना दिले नाही. रोग वाढत जाऊन माणूस कसा मरतो, हे पाहायचे होते. १९७२ साली वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणले तेव्हा तो बंद पडला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून तिने आपले नाव घेतले, त्या पक्षाने काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही.

टस्कीगीनंतर काळ्या समाजात दवाखान्याविषयी खोल अविश्वास राहिला, यात नवल नाही. पण अविश्वासाने रोग हटत नाही. अमेरिकेत काळ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, आणि त्याने त्या मरतात मात्र सुमारे ४० टक्के अधिक. म्हणून तेथे दुसरी वाट शोधली गेली. १९९३ साली कायदा झाला, की सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक यांचा समावेश झालाच पाहिजे.

त्यानंतरचे दोन प्रयोग सांगण्याजोगे आहेत. लॉस एंजेलिस येथे काळ्या लोकांच्या मालकीच्या ५२ केशकर्तनालयांत, रक्तदाब वाढलेल्या ३१९ काळ्या पुरुष गिऱ्हाइकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः जाऊन रक्तदाब मोजत आणि डॉक्टरांच्या सहमतीने तेथेच औषध ठरवून देत. उरलेल्या दुकानांत न्हाव्याने फक्त डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला द्यायचा होता. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा ९ अंकांनी. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा प्रयोग टस्कीगी ज्या राज्यात आहे त्याच अलाबामातील मोबील शहरात, गरिबांच्या एका आरोग्य केंद्रात झाला. त्यात ३०३ माणसे होती, त्यांतील ९६ टक्के काळी. रक्तदाबाची तीन औषधे आणि चरबी उतरवणारे एक, अशी चार औषधे अल्प मात्रेत एकत्र केलेली एकच गोळी निम्म्यांना रोज दिली. वर्षभरात वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला. नेहमीच्या उपचारात २ अंकांनी. हा अहवाल २०१९ चा. या माणसांना काय चालले आहे ते सांगितले होते आणि त्यांची संमती घेतली होती. राज्य तेच, समाज तोच. नाते मात्र बदलले होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. २००५ साली अमेरिकेत हृदय दुबळे झालेल्यांसाठीचे एक औषध 'फक्त काळ्यांसाठी' म्हणून मंजूर झाले. ज्या प्रयोगावर ही मंजुरी मिळाली, त्यातील सर्व १,०५० रुग्ण काळे होते. मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. पण गोऱ्यांना ते लागू पडत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवलेच नव्हते, कारण त्यात गोरे नव्हतेच. समाजाची मोजणी व्हावी ही मागणी न्याय्य आहे. पण मोजणीतून वंश किंवा जात ही रक्तात असते, असा निष्कर्ष काढू देता कामा नये. जात रक्तात नसते. ती वस्तीत, मजुरीत, दवाखान्याच्या रांगेत आणि डॉक्टरच्या आवाजात असते.

मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाख स्त्रिया

आता आपल्या दाराशी येऊ. स्तनाचा क्ष-किरण काढण्याची यंत्रे आणि ती वाचणारे तज्ज्ञ खेडोपाडी नेणे भारताला परवडण्याजोगे नाही. मग प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकेने हाताने स्तन तपासले, तर मृत्यू टळतील काय? हा प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये हाती घेतला. मुंबईतील २० झोपडपट्टी विभागांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया या प्रयोगात होत्या. निम्म्या विभागांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. उरलेल्या विभागांत कर्करोगाची माहिती देण्यात आली आणि कोणाला रोग होतो याची नोंद ठेवली गेली. तपासणी झाली नाही.

वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत पोहोचलेल्यांचे प्रमाण तेथे ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. एकूण मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले, पण हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणता येईल इतका तो मोठा नव्हता. पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्राशिवाय, डॉक्टरशिवाय, प्रशिक्षित बाईच्या हाताने.

याच प्रयोगात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला आंबट अंश, लावून तपासणी झाली आणि त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. परंतु येथेच वाद उभा राहिला. तपासणी न झालेल्या स्त्रियांचे काय? या कामाला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अर्थसाहाय्य होते. त्या देशात या कर्करोगाची तपासणी अनेक दशके रूढ होती आणि तिने मृत्यू घटतात हे ज्ञात होते. संशोधकांचे उत्तर असे, की भारतात या स्त्रियांना एरवीही काही मिळत नाही. तेव्हा 'काही नाही' हीच येथली प्रचलित सेवा, आणि तुलना तिच्याशीच करावी लागते. टीका येथेच थांबली नाही. संमती घेताना स्त्रियांना दिलेली माहिती अपुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या संबंधित सरकारी कार्यालयाने काढला.

या वादात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हाताने स्तन तपासल्याने जीव वाचतात की नाही, हे १९९८ साली कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा एका गटाला ती तपासणी न देणे अन्यायाचे म्हणता येत नाही. उत्तर मिळवण्याचा तोच मार्ग होता. पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत काहीतरी तपासणी उपयोगी आहे हे ठाऊक होते, आणि तरी तुलना शून्याशी झाली. दारिद्र्याने केलेल्या वंचनेला 'प्रचलित सेवा' हे नाव दिले, की ती वंचनाच शास्त्राचे मोजमाप होऊन बसते. संशोधकांच्या हेतूवर संशय न घेताही हे म्हणता येते, आणि म्हटले पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. या दीड लाख स्त्रियांनी वीस वर्षे दिली. केंद्र सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हाताने स्तन-तपासणी करण्याचा आराखडाही काढला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? ज्यांची कधी एकदा तरी स्तन-तपासणी झाली आहे अशा स्त्रिया ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. ज्ञान झोपडपट्टीतून निघाले, जगभरच्या नियतकालिकांत पोहोचले, पण परत झोपडपट्टीत आले नाही.

प्रश्न कोणता विचारला जातो

प्रयोग कोणावर होतो याइतकेच, तो कोणत्या प्रश्नावर होतो हेही महत्त्वाचे आहे. स्तन वाचवायचा तर किरणोपचार हवाच, हे वर आलेच आहे. पूर्वी तो पाच आठवडे, रोज घ्यावा लागे. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या मजूर बाईने पाच आठवडे शहरात कोठे राहायचे? बुडालेली मजुरी कोणी द्यायची? अशा बाईपुढे स्तन काढून टाकणे हाच पर्याय उरतो, आणि कागदावर ती तिची 'निवड' म्हणून नोंदली जाते. इंग्लंडमधील संशोधकांनी हा काळ कमी करता येतो काय असा प्रश्न विचारला. प्रथम पाच आठवड्यांऐवजी तीन पुरतात हे दिसले; मग ४,०९६ रुग्णांवरील प्रयोगात, २०२० साली, एका आठवड्यातील पाच मात्रांनीही स्थानिक रोग तितकाच आटोक्यात राहतो असे दिसले. प्रत्येक रुग्णाला हे लागू होत नाही. परंतु ज्या बाईला लागू होते, तिच्यासाठी हा फरक महिनाभराच्या मजुरीचा आहे. तिने आणि तिच्या कार्यकर्त्याने डॉक्टरला विचारलेच पाहिजे, की बाई, साहेब, हे एका किंवा तीन आठवड्यांत होण्यासारखे आहे काय?

टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत झालेला आणखी एक प्रयोग असाच आहे. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसले जागा बधिर करणारे औषध टोचायचे. जवळजवळ १,६०० स्त्रियांवरील या प्रयोगात, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के आणि न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आढळले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. औषध अत्यंत स्वस्त आणि जुने. कोणत्याही कंपनीची त्यावर मक्तेदारी नाही. ज्या औषधात नफा नाही त्यावर प्रयोग करायला कंपनी येणार नाही. म्हणून असे प्रयोग लोकांच्या पैशाने चालणाऱ्या संस्थांनीच करायचे असतात.

हृदयविकाराचेही तसेच. अनेक स्वस्त औषधांची एकच गोळी करण्याच्या कल्पनेवर भारतात २,०५३ जणांवर प्रयोग होऊन २००९ साली निष्कर्ष आले. इराणच्या गोलेस्तान प्रांतातील खेड्यांत ६,८३८ जणांवरील प्रयोगात पाच वर्षांत हृदयविकार-पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३४ टक्क्यांनी घटल्या. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा गोळीला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात केव्हा येणार, हा प्रश्न आता शास्त्राचा उरलेला नाही.

आपले काम

प्रयोगांना सरसकट नकार देणे ही आपली भूमिका होऊ शकत नाही. हॉल्स्टेडची रूढी प्रयोगाने मोडली. हार्मोनच्या गोळीचे पितळ प्रयोगाने उघडे पाडले. पुरावा मागणे ही आपलीच परंपरा आहे. पण पुरावा गोळा करताना आपण कोठे उभे आहोत, हे पाहणेही आपले काम आहे.

२००७ पासून भारतात वैद्यकीय प्रयोगांची राष्ट्रीय नोंदवही आहे. १५ जून २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. ती कोणालाही पाहता येते. २०१९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे औषधाच्या प्रयोगात इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. वस्तीत कोणी संमतिपत्र घेऊन आले, तर कार्यकर्त्याने ते मराठीत मोठ्याने वाचून घ्यावे आणि विचारावे: मी कोणत्या गटात जाईन हे कसे ठरणार? दुसऱ्या गटाला काय मिळणार? मध्येच सोडले तर माझा नेहमीचा उपचार थांबणार नाही ना? अपाय झाला तर जबाबदार कोण? शेवटी काय आढळले ते मला कोण आणि केव्हा सांगणार? कागदाची प्रत मागून घ्यावी.

आणि एक मागणी संघटितपणे करावी लागेल. आपल्याकडील बहुतेक प्रयोगांच्या अहवालात वय, लिंग, शिक्षण, तंबाखूचे व्यसन यांचा तक्ता असतो; जातीचा स्तंभ अभावानेच आढळतो. जात लिहिली की बोट दाखवले जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून माणसाचे नाव गुप्त राहील आणि समूहाचा आकडा मात्र उघड होईल, अशी पद्धत हवी. प्रयोगात दलित-आदिवासी किती होते, आणि निष्कर्षानंतर पाच वर्षांनी त्यांच्या वस्तीत तो उपचार किती पोहोचला, असे दोन आकडे प्रत्येक सरकारी संशोधनासोबत छापले गेले पाहिजेत. ०.९ टक्के हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ही मागणी आपल्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापासून सुरू करता येते: आमच्या तालुक्यात गेल्या वर्षी किती स्त्रियांची स्तन-तपासणी झाली, आणि त्या कोणत्या वस्त्यांतल्या?